सप्टेंबर संपत आला, अर्ज अजून गेलेला नाही: मेडिकलला यंदा भरायचं की थांबायचं?

प्रश्न न्यू जर्सीतल्या एका आईचा आहे. मुलगी मे महिन्यात जीवशास्त्र घेऊन पदवीधर झाली, जीपीए (४ पैकी सरासरी श्रेणी) ३.७२. जूनमध्ये एमकॅट (मेडिकलची प्रवेश परीक्षा) दिली, ५०६ आले. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा दिली, त्याचा निकाल ऑक्टोबरमध्ये येईल. एएमकॅसचा (बहुतेक मेडिकल कॉलेजांसाठीचा सामायिक) अर्ज अर्धवट भरून पडलाय, सबमिट केलेला नाही. तीन शिफारसपत्रांपैकी दोन हातात आहेत. हॉस्पिटलमध्ये साधारण १२० तास स्वयंसेवक म्हणून काम झालंय. घरात सगळ्यांचं ग्रीन कार्ड आहे. वडील म्हणतात, बऱ्याच कॉलेजांची शेवटची तारीख नोव्हेंबरची आहे, पंचवीस ठिकाणी भरून टाकू, वर्ष कशाला फुकट घालवायचं? मुलगी म्हणते, मला भीती वाटते. आईने विचारलंय, कोणाचं ऐकू?

ताई, आधी उत्तर सांगते, मग कारणं. तुम्ही दिलेल्या माहितीवरून मी तुमच्या मुलीला एम.डी.च्या (इथे ही डॉक्टरकीची पहिली पदवी, आपल्याकडच्या एमबीबीएससारखी) कॉलेजांना यंदा अर्ज करू नकोस असं सांगेन. सप्टेंबर उजाडला हे त्याचं एकमेव कारण नाही. सप्टेंबरातसुद्धा "आजच सबमिट कर" असं मी काही मुलांना सांगितलेलं आहे. तुमच्या मुलीला नाही सांगणार, कारण तिच्या अर्जात ज्या जागा रिकाम्या आहेत त्या एका वर्षात भरण्यासारख्या आहेत.

माझी ओळख एवढीच की मी इंटर्निस्ट म्हणजे मोठ्यांची फिजिशियन आहे, एमबीबीएस महाराष्ट्रात केलं, रेसिडेन्सी (पदवीनंतरचं हॉस्पिटलमधलं प्रशिक्षण) इथे अमेरिकेत, आणि गेली अकरा वर्षं इथल्या एका मेडिकल कॉलेजच्या प्रवेश समितीवर अर्ज वाचते, मुलाखती घेते. दरवर्षी मराठी मंडळाच्या गणपतीत आरती झाली की प्रसादाच्या रांगेत कोणी ना कोणी हाच प्रश्न विचारतं. गणपती येतात ऑगस्टअखेर नाहीतर सप्टेंबरात, आणि इथल्या मेडिकल प्रवेशाच्या हिशेबात नेमका तोच काळ उशिराचा. त्यामुळे हे उत्तर मी उभ्या उभ्या पुष्कळदा दिलंय. आज नीट बसून देते.

तुमच्या यजमानांचं म्हणणं मला परकं वाटत नाही. आपण ज्या पद्धतीत वाढलो तिथे ते बरोबरच होतं. बारावीचे मार्क असोत, नंतरची सीईटी असो की आताची नीट, फॉर्म पहिल्या दिवशी भरा किंवा शेवटच्या दिवशी खिडकी बंद होता होता भरा, मेरिट लिस्टमधला नंबर तोच राहतो. तारीख म्हणजे तारीख. इथे तसं नाही. इथल्या बहुतेक मेडिकल कॉलेजांत अर्ज जसजसे पूर्ण होतात तसतसे वाचले जातात, तसतशा मुलाखती दिल्या जातात आणि त्यातूनच जागा भरत जातात. नोव्हेंबरची शेवटची तारीख म्हणजे त्या दिवशी दार पूर्ण बंद होतं एवढंच. आतली पंगत त्याआधी कितीतरी महिने बसलेली असते.

एएमकॅसचा अर्ज मे महिन्याच्या सुरुवातीला उघडतो. मेअखेर किंवा जूनच्या सुरुवातीला सबमिट करता येतो आणि जूनच्या शेवटी पडताळलेले अर्ज कॉलेजांकडे जायला लागतात. जुलै-ऑगस्टमध्ये सेकंडरी म्हणजे प्रत्येक कॉलेजचे वेगळे निबंध येतात. ऑगस्ट-सप्टेंबरपासून मुलाखती सुरू होतात. १५ ऑक्टोबरपासून कॉलेजं प्रवेशाचे होकार कळवू शकतात, आणि पहिल्या दिवशी होकार देणारी कॉलेजं पुष्कळ आहेत. आता तुमच्या मुलीचा अर्ज या कॅलेंडरवर ठेवून बघू.

समजा तिने आज रात्री सबमिट केला. जिथे जिथे तिने एखादा जरी कोर्स घेतला असेल, उन्हाळ्यातला कम्युनिटी कॉलेजचा धरून, त्या प्रत्येक ठिकाणाहून ट्रान्स्क्रिप्ट म्हणजे गुणपत्रिका एएमकॅसकडे पोचावी लागते. ती पोचल्याशिवाय अर्ज पडताळणीच्या रांगेत लागतच नाही. ऐन गर्दीत पडताळणीला सहा आठवडेही लागतात, आत्ता थोडे कमी लागतील असं धरू. म्हणजे ऑक्टोबरचा मध्य किंवा अखेर. एमकॅटचा निकाल तोपर्यंत आलेला असेल. मग पंचवीस कॉलेजांच्या सेकंडरी एकदम अंगावर येतील, प्रत्येकी दोन ते पाच निबंध. काही कॉलेजांना कॅस्पर नावाची वेगळी परीक्षा लागते, तिचाही निकाल यायला वेळ जातो. तिसरं शिफारसपत्र अजून आलेलं नाही. मला अकरा वर्षांत जे दिसलं त्यावरून सांगते, हा अर्ज पूर्ण व्हायला नोव्हेंबरचा मध्य उजाडेल, कदाचित थँक्सगिव्हिंग. आमच्याकडे फाइल पूर्ण झाली त्या तारखेपासून ती वाचायच्या यादीत येते. तुम्ही बटण कधी दाबलं ते आम्ही बघत नाही. या वाटेवर पोरं सगळ्यात जास्त फसतात ती इथे, सबमिट केल्याची तारीख हीच आपली तारीख समजतात.

नोव्हेंबरअखेर आमच्या बैठकीत काय चालतं ते सांगते. संध्याकाळची वेळ, आम्ही दहा-बारा जण लांब टेबलाभोवती, कोणी ड्यूटीवरून थेट आलेलं, कोणाच्या गळ्यात अजून स्टेथोस्कोप. समोर पडद्यावर एक अर्ज. चांगला अर्ज, एमकॅट ५१२, निबंध वाचनीय. जूनमध्ये हाच अर्ज आला असता तर मी दुसरा विचार न करता "मुलाखतीला बोलवा" लिहिलं असतं. पण एव्हाना मुलाखतीचे बरेचसे दिवस देऊन झालेले असतात, वर्गातल्या निम्म्याहून जास्त जागांसाठी मनात किंवा कागदावर नावं ठरलेली असतात. त्यामुळे प्रश्न बदलतो. ऑगस्टमध्ये आम्ही विचारत होतो, "हिच्यात डॉक्टर दिसते का?" आता विचारतो, "आधीच्यांना बाजूला सारून हिला बोलवावं असं काय आहे?" मुलगी तीच, कागद तोच, प्रश्न मात्र वेगळा. उशिराने होणारं नुकसान नेमकं हे आहे. ज्याचा अर्ज फार जोरकस आहे तो या दुसऱ्या प्रश्नालाही उत्तर देतो. मधल्या फळीतल्या अर्जाला ते जमत नाही. आणि अर्जदार पन्नास हजारांहून जास्त, जागा साधारण तेवीस हजार, म्हणजे मधली फळी फार मोठी आहे.

आता माझ्या घरातली गोष्ट सांगते, कारण हे मी फक्त टेबलाच्या त्या बाजूने पाहिलेलं नाही. समितीवर मी नवी असताना माझ्या भाच्याला मीच म्हटलं होतं, "भरून तर टाक, काय जातंय?" ऑक्टोबर अर्धा उलटला होता. त्याने बावीस कॉलेजांना भरलं. रोज रात्री अकरा-साडेअकरापर्यंत सेकंडरी. एका निबंधात चक्क दुसऱ्याच कॉलेजचं नाव तसंच राहून गेलं. दिवाळीला सगळे आमच्याकडे जमले होते, माझ्या बहिणीने चकल्यांचा डबा उघडून हाका मारल्या, पण हा खालच्या खोलीत लॅपटॉपसमोर बसून राहिला. जानेवारीपासून फोन हातातून सुटेना. फेब्रुवारीत एक मुलाखत आली, मग वेटलिस्ट, मग काही नाही. बावीस कॉलेजांतून बहुतेकांनी तर नकारसुद्धा मे महिन्यात कळवला. पैसा गेला ते सोडा. तो पोरगा जूनमध्ये पुन्हा अर्ज करायला बसला तेव्हा त्याच्याकडे नवं लिहायला काहीच नव्हतं, कारण ते अख्खं वर्ष त्याने निबंध लिहिण्यात आणि वाट बघण्यात घालवलं होतं. दुसऱ्या वर्षीही गेलं. तिसऱ्या वर्षी तो डॉक्टर व्हायच्या वाटेला लागला. मी चुकीचा सल्ला दिला होता, आणि त्याची किंमत त्या मुलाने मोजली. तेव्हापासून "काय जातंय" हे शब्द मी या विषयात वापरत नाही.

म्हणून मी प्रत्येकाला एकच गोष्ट करायला सांगते. आजचा अर्ज छापून काढा आणि एक पेन घ्या. पुढच्या जूनमध्ये हाच अर्ज करायचा झाला तर कोणकोणत्या ओळी बदलतील, त्यांच्याखाली रेघ मारा. एकही रेघ पडली नाही, सगळं तयार आहे, फक्त वेळ चुकली, तर थांबण्यात फायदा थोडा, आणि मग निवडक ठिकाणी यंदाच भरून बघणं समजण्यासारखं आहे. पानभर रेघा पडल्या तर थांबा. तुमच्या मुलीच्या अर्जावर मला कुठे रेघा दिसतात ते सांगते.

पहिली एमकॅट. ही परीक्षा ४७२ ते ५२८ मध्ये मोजतात. एम.डी.ला प्रत्यक्ष प्रवेश मिळालेल्यांची सरासरी ५११-५१२ च्या आसपास असते आणि जीपीए ३.८ च्या जवळ. ५०६ आणि ३.७२ वर प्रवेश मिळतच नाही असं नाही, दरवर्षी मिळतो, पण तो वेळेवर आलेल्या आणि बाकी बाजू भक्कम असलेल्या मुलांना. सप्टेंबरच्या परीक्षेत काय होईल हे आज तिलाही माहीत नाही. आणि निकाल हातात नसताना पंचवीस कॉलेजांची यादी करणं म्हणजे माप न घेता कापड फाडणं. ५१४ आले तर यादी एक असेल, ५०७ आले तर पूर्ण वेगळी. शिवाय ५०७ आले तर तिसऱ्यांदा द्यायची की नाही हा वेगळाच विचार करावा लागेल. वर्षात तीनदा, सलग दोन वर्षांत चारदा आणि आयुष्यात सातदाच ही परीक्षा देता येते, आणि प्रत्येक निकाल आम्हाला दिसतो. दोनदा देऊन आकडा हलला नसेल तर तिसऱ्या वेळी अभ्यासाची पद्धत बदलल्याशिवाय तिने बसू नये. जानेवारीतही परीक्षा असते. हातात वर्ष असेल तर घाई न करता तिथपर्यंत तयारी होते.

दुसरी रेघ त्या १२० तासांखाली, आणि माझ्या मते ही जास्त महत्त्वाची. आपल्या घरांमध्ये आकड्यांवर सगळं लक्ष असतं आणि या ओळीकडे "ते काय, दाखवण्यापुरतं" म्हणून बघतात. समितीत मात्र आम्ही सर्वात जास्त बोलतो ते यावर. एएमकॅसमध्ये कामांच्या पंधरा नोंदी करता येतात. प्रत्येकीला ७०० अक्षरांची जागा, त्यातल्या तीन सर्वात महत्त्वाच्या म्हणून निवडल्या की त्यांना आणखी १,३२५. मुलीने १२० तास नेमकं काय केलं? बहुतेक हॉस्पिटलांत स्वयंसेवक ब्लँकेटं नेतात, व्हीलचेअर ढकलतात, माहितीच्या टेबलावर बसतात. हे काम हलकं नाही. पण त्यातून तिला आजारी माणूस किती जवळून दिसला? गेल्या वर्षी एका मुलाची नोंद वाचली होती. तो एका दवाखान्यात मेडिकल असिस्टंट म्हणून वर्षभर नोकरीला होता. त्याने लिहिलं होतं की एक आजोबा दर भेटीला औषधाच्या बाटल्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून आणायचे, आणि तिसऱ्या भेटीत याच्या लक्षात आलं की रक्तदाबाच्या गोळीची बाटली दोन महिन्यांपूर्वी भरून दिलेली, ती अजून तितकीच भरलेली आहे. विचारल्यावर आजोबा म्हणाले, ती घेतली की चक्कर येते, पण डॉक्टरांना सांगायला संकोच वाटतो. एवढंच. सातशे अक्षरांत बसलं ते. खोलीतले सगळे क्षणभर गप्प झाले. हे १२० तासांत एखाद्याला सापडू शकतं, नाही असं नाही, पण वर्षभर रोज पेशंटसमोर उभं राहिलेल्याला ते सापडतंच.

आणि याची दुसरीही बाजू आहे जी मला आई म्हणून जास्त महत्त्वाची वाटते. वर्षभर स्क्राइब (डॉक्टरांच्या नोंदी टिपणारी), मेडिकल असिस्टंट, ईएमटी (रुग्णवाहिकेवरची मदतनीस) किंवा हॉस्पिसमध्ये (शेवटच्या आजारातल्या पेशंटची सेवा) काम केलेल्या मुलीला कळतं की हे आयुष्य आपल्याला हवंय का. पहिल्या वर्षाच्या फीचं कर्ज अंगावर घेऊन मग ते कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं.

तिसरं शिफारसपत्र. ते कुणाचं आहे ते तुम्ही लिहिलं नाही. विज्ञानाच्या प्राध्यापकाचं असेल तर त्याशिवाय बऱ्याच कॉलेजांत फाइल पूर्णच होत नाही. आणि घाईत मागितलेलं पत्र घाईत लिहिलेलं असतं. "ही माझ्या वर्गात होती, तिला ए मिळाला" एवढंच सांगणारं पत्र वाचून आम्हाला काही कळत नाही. तिच्या कॉलेजात प्री-हेल्थ कमिटी (मेडिकलला जाणाऱ्यांना कॉलेजतर्फे पत्र देणारी समिती) असेल तर तिचंही वेळापत्रक असतं, बहुधा हिवाळ्यातच नाव नोंदवावं लागतं. यंदा ती संधी गेली, पुढच्या वर्षासाठी आत्ताच चौकशी करा.

इतक्या रेघा पडल्यावर यंदा भरणं म्हणजे पहिली छाप वाया घालवणं. कारण दुसऱ्यांदा अर्ज आला की कॉलेजला आधीचा दिसतो. आम्ही दोन्ही शेजारी शेजारी उघडतो आणि पहिलं वाक्य हेच असतं, "मधल्या काळात काय बदललं?" नकार आलेला असणं हा काही डाग नाही, पण मग बदल ठळक दाखवावा लागतो. नोव्हेंबर ते मे वाट बघण्यात गेले आणि जूनमध्ये पुन्हा भरलं तर दाखवायला काय उरतं? माझ्या भाच्याचं तेच झालं. शिवाय काही कॉलेजं एका उमेदवाराला दोन किंवा तीनदाच अर्ज करू देतात.

पैशांचा हिशेब यजमानांना दाखवा. एएमकॅसला पहिल्या कॉलेजचे साधारण १७५ डॉलर, पुढच्या प्रत्येकाचे चाळीस-पन्नासच्या दरम्यान. सेकंडरीची फी बऱ्याच ठिकाणी शंभरच्या आसपास. पंचवीस कॉलेजांचे मिळून चार हजार डॉलरच्या घरात जातात. याच पैशात तिचा ईएमटीचा कोर्स होऊन वर उरतील.

कर्जाचाही नियम बदललाय, तो अनेकांना माहीत नाही. १ जुलै २०२६ पासून नव्याने कर्ज घेणाऱ्या विद्यार्थ्यांना ग्रॅड प्लस (पदवीनंतरच्या शिक्षणासाठीचं सरकारी कर्ज) मिळत नाही. मेडिकलसारख्या शिक्षणासाठी सरकारी कर्जाची मर्यादा वर्षाला ५०,००० आणि एकूण २,००,००० डॉलर अशी झाली आहे. खासगी कॉलेजांचा राहण्याखाण्यासकट खर्च त्याच्या कितीतरी वर जातो. म्हणून कॉलेजांची यादी करताना आपल्या राज्यातली कॉलेजं आधी बघा. सरकारी मेडिकल कॉलेजं बहुतेक आपल्याच राज्यातल्या मुलांना झुकतं माप देतात. न्यू जर्सीत रटगर्स आहे, कॅम्डेनला कूपर आहे, हॅकेन्सॅक मेरिडियन आहे, डी.ओ.साठी (ही डॉक्टरकीची दुसरी पदवी, तिच्याबद्दल पुढे सांगते) स्ट्रॅटफर्डला रोवन आहे. टेक्सासच्या सरकारी कॉलेजांत बाहेरच्यांना दहा टक्क्यांपर्यंतच जागा असतात आणि त्यांची अर्जाची व्यवस्थाही वेगळी आहे. यंदा ते डोक्यातून काढून टाका.

आता डी.ओ. म्हणजे ऑस्टिओपॅथिक कॉलेजांचं. इथे माझं उत्तर बदलतं. त्यांचा अर्ज एएकोमॅस या वेगळ्या व्यवस्थेतून जातो, त्यांचं चक्र पुढे बरंच चालतं, आणि ऑक्टोबरमध्ये पूर्ण झालेला अर्ज तिथे तितका उशिराचा ठरत नाही. ५०६ हा आकडाही तिथे वाईट नाही. आपल्या लोकांमध्ये "डी.ओ. म्हणजे खरा डॉक्टर नव्हे" असं अजून ऐकू येतं, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं. माझ्या विभागातले दोन उत्तम सहकारी डी.ओ. आहेत. अमेरिकेतल्या पन्नासही राज्यांत त्यांना पूर्ण परवाना मिळतो, ते शस्त्रक्रिया करतात, औषधं लिहितात, आणि २०२० पासून रेसिडेन्सीची मान्यताव्यवस्थाही एम.डी. आणि डी.ओ.साठी एकच झाली आहे. काही स्पर्धेच्या शाखांत त्यांना जास्त झगडावं लागतं हे खरं आहे, तेही मुलीला स्पष्ट सांगा.

तर, मुलीला तिथे मनापासून जायचं असेल तर निकाल येताच पाच-सहा डी.ओ. कॉलेजांना भरायला माझी हरकत नाही. पण "मिळालं तर बघू, नाहीतर पुढच्या वर्षी एम.डी." असं मनात ठेवून नको. मिळालेली जागा सोडून पुन्हा अर्ज केला की "आधी कुठे प्रवेश मिळाला होता का, मग का सोडला?" हा प्रश्न येतो, आणि त्याचं पटणारं उत्तर देणं कठीण असतं. शिवाय ती जागा दुसऱ्या कुणाच्या तरी मुलीची असते.

एक इशारा मात्र कळकळीने देते. ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या या हताश दिवसांतच कॅरिबियनमधल्या खासगी कॉलेजांच्या जाहिराती मुलांच्या फोनवर येतात. जानेवारीत प्रवेश, थांबायला नको, एमकॅट कमी असली तरी चालेल. तिथून शिकून आलेले चांगले डॉक्टर मी पाहिलेत, त्यांचे कष्ट मी कमी लेखत नाही. पण तिथे वर्ग मोठे असतात, अर्ध्यात गळणारी मुलं पुष्कळ असतात, आणि रेसिडेन्सी मिळवताना इथल्या मुलांच्या मागे उभं राहावं लागतं. ३.७२ जीपीए असलेल्या मुलीने केवळ एक वर्ष वाचवायला तो धोका पत्करावा असं मला अजिबात वाटत नाही.

मी सप्टेंबरातही "भर" म्हणून कोणाला सांगितलं? एक मुलगी होती, तिचा अर्ज जूनमध्येच पडताळून झाला होता. हे करता येतं हे फार जणांना माहीत नसतं: एमकॅटचा निकाल यायच्या आधी एकाच कॉलेजचं नाव घालून अर्ज सबमिट करायचा, पडताळणी होऊन जाते, आणि निकाल आल्यावर बाकीची कॉलेजं जोडायची. जोडलेल्यांसाठी पुन्हा रांगेत लागावं लागत नाही. तिचे निबंध उन्हाळ्यातच लिहून तयार होते, पत्रं आलेली होती, दोन वर्षं ती ग्रामीण दवाखान्यात काम करत होती. फक्त निकाल सप्टेंबरच्या मध्यावर आला. तिला उशीर झाला तो आठवड्यांचा, महिन्यांचा नाही.

दुसरी परिस्थिती व्हिसाची. तुमच्याकडे ग्रीन कार्ड आहे, म्हणून तुम्हाला हे लागू नाही, पण हे वाचणाऱ्या अनेक घरांना लागू आहे. एच-४ (एच-१बी वर नोकरी करणाऱ्यांच्या कुटुंबाचा व्हिसा) वरची मुलं २१ पूर्ण झाली की तो दर्जा जातो आणि त्यांना एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) सारख्या दुसऱ्या व्हिसावर यावं लागतं. लहानपणापासून इथे वाढलेलं मूल कॉलेजच्या नोंदीत परदेशी विद्यार्थी होतं. बरीच मेडिकल कॉलेजं परदेशी विद्यार्थ्यांचा अर्ज घेतच नाहीत, सरकारी कर्ज मिळत नाही, आणि काही खासगी कॉलेजं वर्षाची किंवा चारही वर्षांची फी आधीच खात्यात ठेवायला सांगतात. अशा घरात "एक वर्ष थांबा" हा सल्ला देताना मी दहादा विचार करते. त्यांनी आधी इमिग्रेशनच्या वकिलाशी बोलावं, मग प्रत्येक कॉलेजला ईमेल करून त्यांचा नियम लेखी मागवावा, आणि मगच कॅलेंडर उघडावं.

राहता राहिला "वर्ष फुकट" हा शब्द. तुमच्या यजमानांच्या मनात कदाचित गावाकडचं चित्र असेल, बारावीनंतर गॅप घेतलेल्या मुलाबद्दल शेजारीपाजारी कुजबुजतात ते. इथे मेडिकलला जाणाऱ्यांतली निम्म्याहून कितीतरी जास्त मुलं आता पदवीनंतर निदान एक वर्ष काम करून येतात. आमच्या वर्गातल्या मुलांना मी बघते. वर्षभर रुग्णांमध्ये वावरून आलेली मुलं पहिल्याच महिन्यात पेशंटच्या पलंगाशी खुर्ची ओढून बसतात. थेट आलेली उभी राहून प्रश्न विचारतात. शिकतात तीही, पण फरक दिसतो.

आणि मुलगी म्हणते तिला भीती वाटते, ते ऐका. ती भीती अभ्यासाची आहे, नकाराची आहे, की "मी अजून तयार नाही" हे तिला आतून कळलंय? तिला एकटीला घेऊन गाडीतून फिरायला जा, बाबांना यावेळी घरी राहू द्या. गाडीत शेजारी बसल्यावर मुलं जे बोलतात ते जेवणाच्या टेबलावर बोलत नाहीत.

या महिन्यात करण्यासारखं थोडं आहे. एएमकॅसचा अर्ज आहे तसा राहू द्या, सबमिट करू नका. त्यातला मजकूर मात्र वेगळ्या फाइलमध्ये उतरवून ठेवा, मे महिन्यात नवा अर्ज उघडावा लागेल तेव्हा उपयोगी पडेल. ज्या प्राध्यापकांनी पत्रं दिली आहेत त्यांना आभाराचं पत्र लिहून सांगा की मी पुढच्या वर्षी अर्ज करतेय, वसंतात पत्र ताजं करून द्याल का. ऑक्टोबरपासून कामाला लागेल अशी पेशंटसमोरची नोकरी शोधा, दवाखाने आणि स्क्राइब पुरवणाऱ्या कंपन्या वर्षभर माणसं घेतात, आणि नवीन माणसाकडून बहुधा वर्षभर राहण्याचा शब्द मागतात. तो शब्द तुमची मुलगी आत्ता देऊ शकते. हॉस्पिटलमधलं आधीचं स्वयंसेवी काम आठवड्याला दोन तास का होईना चालू ठेवा, एकदम सोडलेलं काम अर्जात डोळ्यांत येतं. वैयक्तिक निबंधाला ५,३०० अक्षरं असतात. तो जानेवारीत लिहायला घ्यावा, त्याआधी नको. तोपर्यंत तिच्याकडे लिहायला वेगळं काहीतरी असेल.

एमकॅटचा निकाल आला की मला कळवा. यंदा डी.ओ.ला भरायचं का आणि जानेवारीत पुन्हा बसायचं का, हे त्या आकड्यावर आणि चारही विभागांतल्या वेगवेगळ्या गुणांवर ठरवू. मात्र तेव्हा पत्र तिने स्वतः लिहावं, मराठीत, इंग्रजीत, तिला जमेल तसं.